सांडव्यावरून आलेला शब्द

दृश्य: पावसाळा. हतनूर धरण. उघडे दरवाजे, पाण्याचा आवाज.

निवेदन:
भुसावळजवळ तापीवरचं हे हतनूर. दरवाजे ४१. वरून पूर्णा नदी भरून आली की हे दरवाजे उचलतात आणि काठावर मोबाइल बाहेर निघतात. समोर कोसळतंय ते धरणाच्या हिशेबानं जास्तीचं पाणी. मावत नाही म्हणून सोडलेलं.

इंग्रजीतला ‘रिडंडंट’ हा शब्द असाच सांडून आलाय. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ काठ सोडून वाहणं. त्याच्या पोटात ‘उन्दा’ आहे, म्हणजे लाट. आपल्या ‘उदक’ची ती लांबची नातेवाईक. ‘सुपरफ्लुअस’चंही तेच, वरून वाहून गेलेलं. आता शब्दकोशात दोघांपुढे कोरडं ‘अनावश्यक, जादा’ एवढंच दिसतं.

दृश्य: जळगाव. बाजारपेठ, दुकानांच्या पाट्या.

निवेदन:
भाषेतला जादा माल शोधायला लांब जावं लागत नाही. ‘एटीएम मशीन’ म्हणताना ‘एम’मध्ये मशीन आधीच बसलेलं असतं. पिवळा पीतांबर आणि गाईचं गोमूत्र तर शाळेपासून ऐकलेलं. आपल्या काव्यशास्त्रात याला ‘अधिकपद’ दोष म्हणतात.

पण ‘या, चहाबिहा घ्या’ यातलं ‘बिहा’ जादा आहे का? ते काढून बघा. नुसता चहा उरतो. सोबतचा चिवडा आणि अर्धा तास बसणं, दोन्ही गेलं.

दृश्य: भुसावळ जंक्शन. मालगाडी धडधडत जाते, भोंग्यावर घोषणा चालू.

निवेदन:
नीट ऐका. मराठीतला फलाटाचा आकडा मालगाडीनं खाल्ला. हिंदीत अर्धा आला. इंग्रजीत पुरता कळला, आणि बोचकी उचलून माणसं जिन्याकडे निघाली. शांत दुपारी हीच घोषणा तीनदा ऐकताना डोकं उठतं. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली हिशेब मांडला होता, की साध्या इंग्रजी मजकुरात जवळपास निम्मा भाग रिडंडंट असतो. म्हणूनच काही अक्षरं गाळली, तरी वाचणारा वाक्य लावून घेतो.

दृश्य: रावेरकडची केळीची बाग, मे महिना. शेडच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली झाकलेली मोटर.

निवेदन:
ही दुसरी मोटर. विहिरीवर एक चालू आहे, ही नुसती पडून. घरातली सून म्हणते, वर्षभर धूळ खाते. सासरे म्हणतात, खाऊ दे. पहिली जळाली तर ती दुरुस्त होऊन येईपर्यंत या उन्हात केळीनं थांबायचं कुणाच्या भरवशावर? इंजिनिअर अशा जोडीलाच ‘रिडंडन्सी’ म्हणतात. विमानात ती मुद्दाम ठेवतात, तिच्यावर पैसे खर्च करतात. निबंधात ज्या शब्दाखाली मास्तर लाल रेघ मारतात, तोच शब्द इथे कौतुकाचा. ‘सुपरफ्लुअस’च्या नशिबात हे कौतुक नाही. मोटरला ‘सुपरफ्लुअस’ म्हटलं, तर ती भंगारात गेलीच म्हणून समजा.

दृश्य: रिकामी खुर्ची, टेबलावर बंद लॅपटॉप.

निवेदन:
ब्रिटनमध्ये या शब्दानं पोटात गोळा येतो. तिथे ‘रिडंडंट’ झालो म्हणजे नोकरी गेली. १९६५च्या कायद्यानं अशांना भरपाई मिळू लागली. कायद्याच्या लेखी तिथे काम उरलेलं नसतं, माणसाची चूक नसते. खोका उचलून घरी जातो तो मात्र माणूसच. आपल्या १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यानं यासाठी ‘रिट्रेंचमेंट’ हा शब्द घेतला, कामगार त्याला ‘कपात’ म्हणतात. ‘कपात’मध्ये निदान कात्री दिसते. ‘रिडंडंट’मध्ये कुणाचाच हात दिसत नाही, आणि मला तो शब्द तिथे फार सभ्य वाटतो.

दृश्य: पुन्हा हतनूर. संध्याकाळ. कॅमेरा प्रवाहाबरोबर पश्चिमेकडे.

निवेदन:
दरवाजे अजून उघडेच आहेत. इथे न मावलेलं पाणी आता खानदेश ओलांडत सारंगखेड्याकडे, तिथून प्रकाशा गावाकडे जाईल. पुढे गुजरातेत उकाईचं धरण आहे. तिथे ते साठवतील.