केविन: टायटल बार ते अख्खा पडदा

एखादी विंडो माउसने पकडून बाजूला ओढून पाहा. मागचं उघडं पडतं, सावली सोबत सरकते. हे काम ब्राउझर करत नाही, फाइल मॅनेजरही नाही. ते करतो विंडो मॅनेजर, आणि तो नीट चालत असेल तर तो आहे हेसुद्धा कुणाच्या लक्षात येत नाही. लिनक्सवर वापरल्या जाणाऱ्या केडीई प्लाझ्मा डेस्कटॉपमध्ये त्याचं नाव आहे केविन.

केडीई हा मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प १९९६ साली मातियास एट्रिश या जर्मन विद्यार्थ्याने सुरू केला. केविन आला तो २००० साली, केडीई २ सोबत. तेव्हा त्याचा कारभार आटोपशीर होता. टायटल बार आणि कडा काढायच्या, विंडो हलवायच्या, लहानमोठ्या करायच्या, पुढे कोण आणि मागे कोण ते ठरवायचं. पडद्यावर चित्र उमटवणं ही एक्स सर्व्हरची जबाबदारी. ही एक्स प्रणाली एमआयटीत १९८४ साली जन्मली आणि तिची अकरावी आवृत्ती, १९८७ची, पुढची कित्येक दशकं चालली.

त्या काळी सगळे प्रोग्राम एकाच पडद्यावर थेट रंगवायचे. वरची विंडो सरकली की खालच्या प्रोग्रामला निरोप जायचा: तुझा भाग उघडा पडलाय, पुन्हा रंगव. तो प्रोग्राम अडकलेला असेल तर? ओढलेल्या विंडोच्या ठशांची रांगच्या रांग मागे उरायची.

यावर उपाय होता कंपोझिटिंग. प्रत्येक विंडोचं चित्र आधी मेमरीत वेगळं तयार होतं, आणि मग कंपोझिटर ग्राफिक्स कार्डाच्या मदतीने ती चित्रं एकावर एक रचून पूर्ण फ्रेम बनवतो. जानेवारी २००८मध्ये केडीई ४ आलं आणि केविन हे काम करू लागला. लोकांना आठवतात त्या ओढताना जेलीसारख्या थरथरणाऱ्या विंडो. गंमत खरी, पण कमाई दुसरीकडे होती: अर्धवट रंगवलेलं काही पडद्यावर जाण्याची गरज उरली नाही. सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या पडद्यावर यासाठी दर वेळी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ फ्रेमच्या पडद्यावर सातही नाहीत.

तरीही एक विचित्र अडचण उरलीच. केविन विंडो वाकवायचा, लहान करून दाखवायचा, पण क्लिक कुठे पोहोचवायचा हे ठरवायचा एक्स सर्व्हर, आणि त्याच्या हिशेबी विंडो होती तिथेच, होती तशीच. शिवाय एक्सवर कुठलाही प्रोग्राम दुसऱ्यात टाइप होणारी अक्षरं गुपचूप वाचू शकतो. पासवर्डसुद्धा. सुरक्षेच्या दृष्टीने हे भोक छोटं नव्हतं.

२००८ सालीच क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी वेलँड या नव्या प्रोटोकॉलचं, म्हणजे प्रोग्राम आणि पडदा सांभाळणारा यांच्यातल्या बोलण्याच्या नियमांचं, काम सुरू केलं. त्यात मधला सर्व्हरच नाही. कंपोझिटर हाच सर्व्हर. म्हणजे कीबोर्ड, माउस, टचस्क्रीन, नव्याने जोडलेला मॉनिटर, सगळं केविनच्या अंगावर आलं. त्याला वर्षं लागली, आणि लागणारच होती. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी प्लाझ्मा ६ आलं, तेव्हा कुठे केडीईने वेलँड डीफॉल्ट केलं. एक्ससाठी लिहिलेले जुने प्रोग्राम त्यात एक्सवेलँड या दुव्यामार्फत चालतात.

या बढतीची किंमतही आहे. एक्सवर केविन कोसळला तर क्षणभर टायटल बार गायब व्हायचे, तो पुन्हा सुरू व्हायचा, प्रोग्राम जागच्या जागी असायचे. वेलँडवर केविन गेला म्हणजे सर्व्हरच गेला, आणि त्याच्याशी जोडलेले प्रोग्रामही सेव्ह न केलेल्या कामासकट गेले. प्लाझ्मा ६पासून क्यूटी ६ या प्रोग्राम बनवायच्या साधनसंचावर बांधलेले प्रोग्राम अशा वेळी तग धरतात: केविन परत उभा राहीपर्यंत थांबतात आणि पुन्हा जोडून घेतात. बाकीच्या सगळ्याच प्रोग्रामना मात्र ही सोय मिळत नाही.