ठोसा बसला तर

नमस्कार श्रोतेहो. आज ॲनिमेतल्या, म्हणजे जपानी कार्टून मालिकांतल्या, दांडग्या पण जड अंगाच्या गड्यांविषयी बोलू. ज्यांचा ठोसा बसला तर डोंगर फुटेल. पण बसला तर. हे ‘बसला तर’ लक्षात ठेवा.

यावर मी नेहमी एकच प्रसंग सांगतो, घरचे कंटाळलेत. ‘ड्रॅगन बॉल झेड’, १९८९ साली जपानी टीव्हीवर सुरू झालेली मालिका. ट्रंक्स आणि त्याचा बाप व्हेजिटा अशा खोलीत सराव करून आलेत, जिथलं एक वर्ष म्हणजे बाहेरचा एक दिवस. समोर सेल नावाचा खलनायक. व्हेजिटा मार खाऊन बेशुद्ध पडलाय. बापाचा अभिमान दुखावू नये म्हणून पोराने आपली खरी ताकद इतका वेळ लपवलेली. आता तो ओरडत ओरडत ती बाहेर काढतो. (या ओरडण्यात अर्धा भाग जातो. तेवढ्यात चहा टाकून घ्यावा, काही चुकत नाही.) दंड फुगतात, मान खांद्यांत बुडते. सेलही कबूल करतो, ताकदीत तू माझ्यापुढे गेलास.

आम्ही पोरं सतरंजीवर नाचतोय. मागे आजी शेंगा सोलत बसलेली. ती म्हणाली, “अरे, एवढा सुजलाय, हलायचा कसा?”

आणि झालं तेच! ट्रंक्स ठोसा मारतो, सेल तिथे नाही. पुन्हा मारतो, पुन्हा नाही. शेवटी सेल स्वतःचंही अंग तसंच फुगवून दाखवतो. हे मलाही जमतं, पण अंग वाढलं की वेग मरतो. तुझ्या बापालाही जमत होतं, म्हणूनच त्याने ते केलं नाही. ज्याच्यापासून पोराने हे लपवलं, त्याला ते आधीच माहीत होतं! ट्रंक्स हातच खाली टाकतो.

मालिकेचा नायक गोकू, त्यानेही त्याच खोलीत हे रूप आपल्या पोराला, गोहानला, करून दाखवलं आणि सोडून दिलं. अंग जास्त, खर्च जास्त, दम लवकर जातो. आमच्या गल्लीतल्या जिमवाल्या पोरांना हा भाग दाखवायला हवा. दंड एवढे की स्वतःची पाठ खाजवता येत नाही. असो.

मग मंद गडी निकामी का? छे. ‘नारुतो’ या दुसऱ्या मालिकेतला गारा बघा, वाळूने लढणारा. हाताची घडी घालून उभा, पाय हलत नाही. वाळू आपोआप आडवी येते. समोरचा गडी रॉक ली पायांतली वजनं काढून फेकतो, आणि वाळूला गाठता येईना इतका वेगवान होतो. गाराला चांगलाच मार बसतो. पण शेवटी दमलेल्या लीचा डावा हात आणि डावा पाय वाळू पकडते. आवळते. एकदाच. ‘बसला तर’ म्हणालो ना, इथे बसला.

गारा जिंकला खरा, पण बेशुद्ध ली त्यानंतरही उठून उभा राहतो, ते सांगायला... काचेपलीकडून घड्याळ दाखवतायत. आजीने पुन्हा वेळ खाल्ला. नमस्कार.