घास भरवणाऱ्या पेशी

श्रोते हो, नमस्कार.

कॅन्सरची पेशी म्हणजे चिवट, मरता न मरणारी, अशी आपली समजूत. पण सीएलएल नावाचा, पांढऱ्या पेशींचा एक ब्लड कॅन्सर आहे. बहुधा उतारवयात होतो, बहुतेकदा सावकाश वाढतो. रुग्णाच्या रक्तातून त्याच्या पेशी वेगळ्या काढून काचेच्या बशीत ठेवल्या, पोषक द्रव दिला, अंगाइतकी ऊब दिली, तरी काही दिवसांत बहुतेक मरून जातात. अंगात मात्र त्याच पेशी महिनोन्‌महिने ठणठणीत!

२००० साली संशोधक यान बर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा एक धागा पकडला. रक्तातल्या इतर पेशीही बशीत राहू दिल्या, तर आठवडा-दोन आठवड्यांत तळाला काही मोठ्या पेशी चिकटून बसतात. कॅन्सरच्या पेशी त्यांना लगडतात आणि तगतात. या मोठ्या पेशी मोनोसाइट नावाच्या साध्या पांढऱ्या पेशींपासून झालेल्या, म्हणजे कॅन्सरच्या नव्हेत, घरच्याच. त्यांना नाव पडलं नर्स-लाइक सेल्स, म्हणजे परिचारिकेसारख्या पेशी. मला आधी ‘फितूर’ हा शब्द सुचला होता. पण एरवी निरोगी पेशींना तगून राहण्याचे जे संदेश मिळतात, तेच त्या बिचाऱ्या सोडत असतात. फायदा उपटतो तो कॅन्सर.

अस्थिमज्जेतला प्रकार तर आणखी घरगुती. पेशीला आतून गंज चढू नये म्हणून ग्लुटाथायोन नावाचं रसायन लागतं, आणि ते बनवायला सिस्टीन हे अमिनो आम्ल. रक्तात हा माल बहुतांशी दोन सिस्टीन जोडलेल्या जोडीच्या रूपात फिरतो, आणि ती जोडी या कॅन्सरच्या पेशीला नीट उचलता येत नाही. शेजारची मज्जेतली पेशी ती उचलते, फोडते, सुटं सिस्टीन बाहेर टाकते. तान्ह्याला घास मऊ करून भरवावा, तसंच! हे २०१२ मध्ये उजेडात आलं.

आता औषधाचं. इब्रुटिनिबच्या गोळ्यांना अमेरिकेत या रोगासाठी २०१४ मध्ये मान्यता मिळाली. त्या सुरू केल्या की पुष्कळदा रिपोर्टात पांढऱ्या पेशींचा आकडा खाली येण्याऐवजी चढतो. घरात रडारड. खरं तर गोळीमुळे कॅन्सरच्या पेशींची मानेतल्या-काखेतल्या लसिकागाठींमधली पकड सुटलेली असते. त्या आसरा सोडून रक्तात आलेल्या असतात आणि परत आत शिरणं त्यांना जमत नाही. आकडा उतरायला कधी कधी कित्येक महिने लागतात. तोवर डॉक्टर रिपोर्ट बाजूला ठेवतात, मानेवरची गाठ चाचपतात. ती बोटाला लागेनाशी झालेली असते.