दोन वयांची नात

(टोरांटोतल्या मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून थोडं संपादन केलं आहे.)

नमस्कार मंडळी. तिळगूळ घ्या, गोड बोला.

मघाशी पोरांचं बोरन्हाण झालं. चुरमुरे, हलवा, चॉकलेटं, आणि बोरांच्या जागी द्राक्षं. बाहेर एवढा बर्फ आणि आत हा धुडगूस, मजा वाटली बघायला. फक्त द्राक्षं लहानांना देताना उभी चिरून द्या हो, अख्खी घशात अडकतात. हे मी का सांगतेय ते पुढे कळेल.

तेवढ्यात एका आईने विचारलं, "काकू, तुमची नात केवढी आहे?" आणि मी नेहमीसारखी अडखळले. मला खरं तर कोकणातल्या संक्रांतीवर बोलायला सांगितलं होतं. ते राहू दे. त्या बाईचं उत्तर द्यायचं राहिलंय, ते आधी देते.

आमचं घर आंजर्ल्याजवळ, दापोली तालुक्यात. मी प्राथमिक शाळेत मास्तरीण होते. लेक मुंबईत. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती सातवा लागताच आली. डोहाळजेवणाची तयारी झाली होती, आणि आदल्या रात्री कळा सुरू झाल्या. सत्ताविसावा आठवडा. दापोलीच्या डॉक्टरीणबाईंनी बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून लेकीला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाल्या, "जन्मल्यावर न्यायचं तर जोखीम फार. पोटात आहे तोवर मुंबई गाठा." मंडणगडच्या रस्त्यावर किती खड्डे आहेत ते मी आजही मोजून सांगेन.

बाय जन्मली ९४० ग्रॅमची. घरात आम्ही तिला बायच म्हणतो, खरं नाव शाळेत घालू तेव्हा. बाराव्या दिवशी ती व्हेंटिलेटरवर होती. पाळणा नाही, 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' नाही. लेकीने काचेच्या पेटीच्या गोल खिडकीतून हात घातला, दोन बोटं तिच्या डोक्यावर ठेवली आणि नाव सांगितलं. शेजारच्या पेटीपाशी उभी असलेली, आमची कोण ना कोणाची अशी एक बाई हळूच म्हणाली, "झालं बारसं."

लेकीला दूध येईना. त्या दिवसांत बायला दुग्धपेढीतलं, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूध मिळालं. मुंबईत शीवच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली अशी पेढी सुरू केली, आशियातली पहिली. नंतर इतर ठिकाणीही झाल्या. आज आपण एकमेकींना वाण दिलं ना? कुठल्याशा अनोळखी बाईने माझ्या नातीला ते वाण दिलं. तिचं नाव मला कधीच कळणार नाही.

९६ दिवसांनी घरी सोडलं. जावयांची मुंबईतली खोली रस्त्याला लागून. डॉक्टर म्हणाले, धूळ, धूर, गर्दी, सर्दीपडसं यांपासून जपा. म्हणून बाय आंजर्ल्याला आली, ऐन आषाढात. नाकात ऑक्सिजनची नळी, दुसऱ्या नाकपुडीतून पोटात गेलेली दुधाची नळी, गालांवर चिकटपट्ट्या, पायाच्या अंगठ्याला सॅच्युरेशनचं, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र.

तुम्हाला वाटेल आम्हाला भीती आजाराची. छे! भीती विजेची. कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र, विजेवर चालतो आणि आमच्याकडे आभाळ भरून आलं की वीज जाते. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीत कित्येक दिवस दिवा लागला नव्हता, हे घरातल्या प्रत्येकाला आठवत होतं. मग यजमानांनी हिशेब मांडला. बी टाईप सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर प्राणवायू. बायला मिनिटाला अर्धा लिटर, म्हणजे तासाला तीस. एका सिलिंडरला पन्नास तास. असे तीन सिलिंडर माजघरात, जिथे पूर्वी भाताची कणगी असायची. बागेच्या हिशेबात आयुष्य गेलेला माणूस, पण असा चोख हिशेब त्यांनी आंब्याच्या दलालाशीही कधी केला नव्हता.

न्हाणीची चूल बंद केली, उदबत्ती बंद, धूप बंद. आणि देवघरातली समई थेट पलीकडच्या खोलीत, कारण ऑक्सिजनजवळ ज्योत नको. पहिल्या संक्रांतीला बोरन्हाण करायचं म्हटलं तर औक्षणाचं काय? मी निरांजन न पेटवताच ओवाळलं. फुलवात कोरडी. सुपातली बोरं, उसाचे करवे, हरभरे सगळं तिच्या पायांशी हलकेच ओतलं, डोक्यावरून नाही. एक दाणा तोंडात जायला नको. एक नातलग बाई म्हणाल्या, "एवढं करायचं तर कशाला करायचं?" मी त्यांना तिळगूळ दिला. गोड बोलायचा दिवस होता, नाहीतर दिलं असतं उत्तर.

आता वयाचं सांगते. बाय एप्रिलमध्ये आली, यायची होती जुलैत. डॉक्टर अशा मुलांची दोन वयं धरतात, एक जन्मापासूनचं आणि एक ठरलेल्या तारखेपासूनचं. वाढ मोजायची ती दुसऱ्या वयाने, साधारण दोन वर्षांची होईपर्यंत. मी वहीत दोन रकाने आखले. पण वाडीत रकाने कोण बघतो? "सहा महिन्यांची ना? अजून मान धरत नाही?" एका हळदीकुंकवात मला ते सहन झालं नाही, मी ठोकून दिलं, "तीनच महिन्यांची आहे." रात्री झोप येईना. आयुष्यभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून छड्या मारल्या आणि आता हे. आणि गंमत बघा, डॉक्टरांच्या हिशेबाने मी खरंच बोलले होते.

मास्तरीण असल्याने मला पास-नापासाची खोड. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली पाच देशांतल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आपला भारतही होता. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने, एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिने. केवढी मोठी फट आहे बघा. आणि शंभरातली चारेक मुलं तर कधी रांगलीच नाहीत. हे मी वाडीत सांगत फिरायचे. बाय पडवीत एकटी बसली ती दुसऱ्या वयाच्या नवव्या महिन्यात, म्हणजे काठावर पास. चालली ती मात्र एकोणिसाव्या महिन्यात. तो कोष्टक घेऊन फिरण्याचा नाद तिथे सुटला माझा.

आपल्याकडे पालथं पडलं की काही करतात, बसलं की काही, पहिला दात, पहिलं पाऊल, सगळ्याला शब्द आहे आणि बहुतेकाला गोडधोडही. पण बायच्या वहीतल्या निम्म्या तारखांना शब्दच नाहीत. एक सांगते. महिन्यातून एकदा तिला फिजिओथेरपीसाठी रत्नागिरीला न्यायचो. दाभोळला फेरीबोटीत गाडी चढवायची, धोपाव्याला उतरायचं, गुहागर करून तवसाळला पुन्हा बोट, मग जयगड. सिलिंडर मांडीशी धरून दोन खाड्या. तिच्या कानांची तपासणी दोनदा झाली होती आणि दोन्ही वेळा नीट कळलं नव्हतं. एकदा धोपाव्याला बोटीची लोखंडी फळी धाडकन आदळली आणि बाय दचकली. हात पसरले, तोंड वाकडं केलं, भोकाड पसरलं. लेक आणि मी एकमेकींकडे बघून हसायला लागलो. शेजारच्या रिक्षावाल्याला वाटलं असेल, काय बायका आहेत, पोर रडतंय आणि या हसतायत! वहीत तारीख लिहिली, पुढे लिहिलं: दचकली.

सगळ्यात कठीण गिळणं. इतके महिने पोटात नळीने दूध, तोंडाला चवच माहीत नाही. चमचा दिसला की ओठ घट्ट. पाण्याचा थेंब दिला तर ठसका, आणि ठसक्याबरोबर अंगठ्यावरचा आकडा खाली. रत्नागिरीच्या थेरपिस्ट मुलीने समजावलं की पातळ पदार्थ घशात झपकन उतरतो, तिला सावरायला वेळ मिळत नाही. दाट, मऊ, एकसारखं काही द्या. तिने एका डब्यातल्या पावडरीचं नाव सांगितलं. मी म्हटलं, नाचणीचं सत्त्व चालेल? ती म्हणाली, करून आणा. पुढच्या खेपेला थर्मासमधून नेलं. तिने चमच्यावरून पाडून पाहिलं आणि म्हणाली, "आजी, हे उत्तम आहे." नोकरीत मला आदर्श शिक्षिका पुरस्कार मिळाला नाही, तो त्या दिवशी मिळाला.

पुढचे किती महिने गेले ते सांगत बसत नाही. रोज तीन वेळा, बोटाच्या टोकावर, मग अर्धा चमचा. जूनमध्ये ऑक्सिजन सुटला. गणपतीत दुधाची नळी तिने स्वतःच ओढून काढली, चौथ्यांदा, आणि थेरपिस्ट फोनवर म्हणाली, राहू दे, बघूया. तेव्हा जन्मापासूनच्या सतराव्या महिन्यात आम्ही उष्टावण केलं. मामाने भरवायचं, तर मामा इथे, टोरांटोत. इथे मध्यरात्र होती. त्याने फोनसमोर रिकामा चमचा धरला, तिकडे लेकीने चांदीच्या वाटीतला चमचा तोंडाशी नेला, आणि बायने मामाच्या चमच्याकडे बघत तो घेतला. या वेळी निरांजन पेटवलं होतं.

दुसऱ्या संक्रांतीला सावंतवाडीचा लाकडी पांगुळगाडा आला. मामा म्हणाला, आई, कॅनडात २००४ पासून बेबी वॉकर विकायला बंदी आहे. मी म्हटलं, अरे, तो मूल आत बसवायचा, चाकांवर भरकटणारा. पांगुळगाड्यामागे पोर स्वतःच्या पायांवर उभं राहतं. पुढच्या महिन्यात ओल्या पुळणीवर तिने तो सोडला आणि चार पावलं टाकली.

त्या दिवसांत आमच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. बघायला आलेले पाहुणे हमखास म्हणतात, "तुमची नातही तशीच, इवलीशी आणि चिवट." मला ती उपमा मुळीच पटत नाही. कासवीण अंडी घालून निघून जाते. इथे चार माणसं दोन वर्षं पाळ्या लावून रात्री जागलीत.

तर बाई, माझी नात पावणेतीन वर्षांची आहे. किंवा अडीच. अजून तिला पावसाळ्यात धाप लागते, बोलणं मागे आहे, आणि बोर आम्ही तिला कुस्करून, बी काढूनच देतो. मी इथे असल्याने वही आता लेकीकडे आहे. परवा तिचा फोन आला. नाचणीच्या सत्त्वाची वाटी बायने हाताने बाजूला सारली, माझ्या लेकीच्या डोळ्यांत बघितलं आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "नको." लेकीने वाटी तशीच ठेवली आणि आधी वही आणायला धावली.