छपराखालचं क्रियापद

(फ्रेंच शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आज बोलायचंय ते अँपार्फे द्यु सुब्जोंक्तिफबद्दल. सुब्जोंक्तिफ म्हणजे इच्छा, भीती, शंका सांगणारं क्रियापदाचं रूप, आणि हा त्याचा एक भूतकाळ. नाव ऐकूनच पोटात गोळा येतो हे मला माहीत आहे, कारण माझ्याही आला होता. मी शिकत होतो तेव्हा वाचनालयातून आणलेल्या व्याकरणाच्या पुस्तकात मागच्या बाजूला क्रियापदांचे तक्ते होते. प्रत्येक तक्त्यात उजवीकडे खाली, कोपऱ्यात, या काळाची सहा रूपं. दिवाळीच्या सुट्टीत मी ती वहीत उतरवून काढली आणि पाढ्यांसारखी पाठ केली. पुढे कादंबऱ्या वाचायला लागलो तेव्हा कळलं की त्या सहांतलं एकच रूप पुन्हा पुन्हा भेटतं, आणि ते पानावर दिसलं तरी मला ओळखू येत नाही. मेहनत झाली होती, पण चुकीच्या जागी. तुमची तशी होऊ नये, एवढ्यासाठी आजचा हा तास.

आधी रूप कसं बनतं ते पाहू. ते सोपं आहे, हे मी मनापासून सांगतोय.

तुम्हाला पासे सँप्ल येतो, म्हणजे पुस्तकी भूतकाळ. त्यातलं ‘तू’चं रूप घ्या. पार्ले, म्हणजे बोलणे, या क्रियापदाचं ते रूप लिहिताना शेवटी एस येतो, पण तो उच्चारत नाहीत. आपण म्हणतो नुसतं ‘त्यु पार्ला’. आता या रूपाला एस आणि ई ही दोन अक्षरं जोडा. झालं ‘पार्लास’. मगाशी झोपलेला एस जागा झाला, ऐकू यायला लागला. बाकीची रूपंही अशीच: मी पार्लास, तू पार्लास, आम्ही पार्लास्यों, तुम्ही पार्लास्ये, ते पार्लास. तृतीयपुरुषी एकवचन मुद्दाम मागे ठेवलंय, त्याच्याकडे येतो.

हाच नियम सगळीकडे चालतो. फिनीर म्हणजे संपवणे, त्याचं ‘त्यु फिनी’, त्यावरून फिनीस. एत्र म्हणजे असणे, त्याचं ‘त्यु फ्यु’, त्यावरून फ्युस. व्हनीर म्हणजे येणे, त्याचं ‘त्यु व्हँ’, त्यावरून व्हँस. वर्तमानकाळात छळणारी ती सगळी वाकडीतिकडी क्रियापदं इथे सरळ होतात. फक्त स्वर बघायचा. पार्लेच्या कुळात आ, त्यात अले म्हणजे जाणे हेसुद्धा आलं. फिनीरच्या कुळात ई, त्यात करणे, घेणे, पाहणे, म्हणणे, ठेवणे ही रोजची क्रियापदं. तिसऱ्या कुळात यु, तिथे असणे, जवळ असणे, शकणे, जाणणे, मरणे. आणि चौथं, अनुनासिक अँ असलेलं, चिमुकलं घर: व्हनीर, तनीर म्हणजे धरणे, आणि त्यांची उपसर्ग लावलेली भावंडं, बस्स. पासे सँप्ल पक्का असेल तर या काळासाठी वेगळं काही पाठ करायचं उरत नाही.

आता तृतीयपुरुषी एकवचन. इथे एस नाही, ई नाही. शेवटी एक मुका टी, आणि त्याच्या आधीच्या स्वरावर छोटं छप्पर. फ्रेंच लोक त्याला सिर्कोंफ्लेक्स म्हणतात. आईर, म्हणजे द्वेष करणे, या क्रियापदात आय या अक्षरावर आधीच दोन टिंबं असतात, त्यामुळे तिथे छपराला जागा नाही. बाकी जवळपास सगळीकडे ते असतंच.

हे छप्पर आलं कुठून? लॅटिनमध्ये ‘अमाविस्सेम’ असं एक लांबलचक रूप होतं, ‘मी प्रेम केलं असतं’ या वळणाचं. बोलता बोलता ते आखडून ‘अमास्सेम’ झालं. फ्रेंचमधलं ‘एमास’ त्याचंच लेकरू. तृतीयपुरुषी रूपात जुन्या फ्रेंचमध्ये टीच्या आधी एस असायचा. तो उच्चारातून गेला, लिहिण्यात मात्र कितीतरी काळ राहिला. फ्रेंच अकादमीने आपल्या कोशाच्या १७४० सालच्या आवृत्तीत असे मुके एस मोठ्या संख्येने काढून टाकले आणि बऱ्याच ठिकाणी त्यांच्या जागी स्वरावर हे चिन्ह चढवलं. म्हणजे छपराखाली एक गेलेलं अक्षर आहे.

आपल्याला हे परकं वाटायला नको. तुमच्या आजोबांच्या पत्रांत ‘नांव’ असं लिहिलेलं असेल. त्या टिंबाचा उच्चार कोणी करत नव्हतं. संस्कृतातल्या ‘नाम’मधल्या म-ची ती खूण होती. १९६२च्या लेखन-नियमांनी आपण असे अनुस्वार काढले. फ्रेंचांनी १९९० साली शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या सुचवल्या तेव्हा आय आणि यू या अक्षरांवरचं छप्पर ऐच्छिक केलं. मात्र काही जागी ते ठेवायचंच असं ठरवलं, आणि त्यांतली एक जागा म्हणजे आपला हा काळ. का? फळ्याकडे बघा. मी रोमन लिपीत ‘इल फ्यु’ दोनदा लिहिलंय, एकदा छप्पर न घालता, एकदा घालून. पहिलं म्हणजे ‘तो होता’. दुसरं म्हणजे ‘तो असावा’, तेही भूतकाळातल्या कुणाच्या तरी इच्छेत, भीतीत किंवा शंकेत. देवनागरीत लिहिलं तर दोन्ही सारखीच, कारण कानाला दोन्ही सारखीच आहेत. हा फरक दाखवायला त्या छपराशिवाय दुसरं काही नाही.

त्यामुळे इथे भलेभले चुकतात. ‘आप्रे क’, म्हणजे ‘नंतर’, याच्या पुढे छप्पर येत नाही, कारण गोष्ट घडून गेलेली असते. ‘आव्हाँ क’, म्हणजे ‘आधी’, याच्या पुढे येतं, कारण ती अजून घडायची होती. छापील मजकुरातसुद्धा ‘आप्रे क’नंतर नको ते छप्पर चढवलेलं सापडतं. शंका आली तर माझी एक युक्ती वापरा: ‘तो’च्या जागी ‘ते’ घालून वाक्य मोठ्याने म्हणा. ‘इल फ्युर’ आलं तर छप्पर नाही. ‘इल फ्युस’ आलं तर छप्पर हवं. अनेकवचनात कान फसत नाही. वर्गात मी हे प्रत्येकाकडून तोंडी करून घेतो, कारण नियम वाचून कळतो तेवढाच. तोंडाने म्हटला की बसतो.

आता खरा प्रश्न. हा काळ बोलण्यातून गेला का?

जुना नियम असा होता: मुख्य क्रियापद भूतकाळात असेल तर ‘क’, म्हणजे ‘की’, याच्या नंतरचं सुब्जोंक्तिफही भूतकाळात न्यायचं. ‘त्याने यावं असं मला वाटतं’ यात व्हियेन. ‘त्याने यावं असं मला वाटत होतं’ यात व्हँ, छपरासकट. आता हीच दोन मराठी वाक्यं पुन्हा ऐका. ‘यावं’ बदललं का? नाही. आपलं ‘यावं’ जागचं हलत नाही, काळाचा भार ‘वाटतं’ आणि ‘वाटत होतं’ हे वाहतात. फ्रेंच माणूस आज बोलताना नेमकं हेच करतो. दोन्हीकडे व्हियेन म्हणतो आणि काळ मुख्य क्रियापदावर सोपवतो. २६ फेब्रुवारी १९०१च्या सरकारी आदेशाने परीक्षांमध्ये काही वाक्यरचनांत ही मोकळीक मान्यही केली. पुष्कळजण याला भाषेचा ऱ्हास म्हणतात. मला तसं वाटत नाही. एकच गोष्ट दोनदा सांगायची, ती ते एकदा सांगायला लागले.

शिवाय पासे सँप्ल बोलण्यातून गेला होता, म्हणजे ज्या फांदीवर हा काळ बसला होता ती फांदीच गेली. आणि ‘पार्लास्यों’सारखी लांब रूपं कानाला जड. त्यातच ‘आस’ हा प्रत्यय फ्रेंचमध्ये टाकाऊपणाचा वास घेऊन येतो: पापरास म्हणजे निरुपयोगी कागदांचा ढीग, व्हिनास म्हणजे हलकी दारू. अशा सोबतीत ‘पार्लास’ किती दिवस टिकणार?

आपल्याकडेही असं झालंय. ‘आजी पहाटे उठे, जात्यावर बसे’ हे आपण वाचतो, समजतो, पण घरी ‘उठायची, बसायची’ म्हणतो. रीतिभूतकाळ पुस्तकात राहिला. हा काळही तसाच पुस्तकात राहिला आहे, आणि तिथे मुख्यतः तृतीयपुरुषी एकवचनात. पोर्तुगीजमध्ये मात्र तोच लॅटिन वारसा रोजच्या बोलण्यात आहे. गोव्यात १९६१च्या आधी पोर्तुगीजमधून शिकलेलं कुणी ज्येष्ठ माणूस भेटलं तर ‘मला जमलं असतं तर’ हे पोर्तुगीजमध्ये कसं म्हणायचं ते विचारा. त्यांच्या उत्तरात ‘पुदेस’ ऐकू येईल. ते फ्रेंच ‘प्युस’चं, म्हणजे ‘शकणे’च्या याच काळातल्या रूपाचं, सख्खं भावंड आहे.

मग वाचायचं कशाला? एका ओळीसाठी, असं मी म्हणेन. फ्रेंच नाटककार कोर्नेयचं ‘ओरास’ हे नाटक १६४० सालचं. रोम आणि आल्बा यांचं युद्ध तीन भाऊ विरुद्ध तीन भाऊ असं ठरलंय. म्हाताऱ्या ओरासला बातमी कळते की दोन मुलगे पडले आणि तिसरा तिघांसमोरून पळाला. तो संतापाने पेटतो. बातमी आणणारी ज्युली त्याला विचारते, ‘क वूल्ये वू किल फी कोंत्र त्रुवा?’ एकट्याने तिघांपुढे काय करावं असं तुम्हाला हवं होतं? म्हातारा उत्तर देतो, ‘किल मूर्यु.’ बारा उच्चारखंडांची ओळ. नऊ तिचे, तीन त्याचे. ‘फी’वर छप्पर, ‘मूर्यु’वर छप्पर.

इथे आजच्या बोलण्याप्रमाणे ‘किल मर’ म्हणून बघा. वृत्त मोडतंच, पण अर्थही फिरतो. ‘किल मर’ म्हणजे ‘मरो तो’. बाप आत्ता, या क्षणी, मुलाला शाप देतोय असं होतं. ‘मूर्यु’ ज्युलीच्या ‘वूल्ये’ला, ‘हवं होतं’ला, धरून आहे. ते रणांगणावरच्या त्या क्षणाबद्दल आहे, जो आता हातातून गेलाय. बाप शाप देत नाही. मुलाने जी निवड करायला हवी होती ती सांगतो.

मगाशी मी म्हटलं की आपलं ‘यावं’ हलत नाही, आणि ते चांगलंच आहे. पण हेच न हलणं इथे अडतं. ‘मरावं!’ असं भाषांतर मी बरीच वर्षं वर्गात देत आलो. ते ताठ आहे, एका शब्दाचं आहे, पण काळ सांगत नाही. बापाला मुलगा तेव्हा मरायला हवा होता की आत्ता, हे त्यातून कळत नाही. गेल्या वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी, वहीत काही न लिहिता, म्हणाली, “सर, घरी आपण असं नाही म्हणत. ‘काय करायचं होतं त्यानं?’ असं विचारलं तर म्हणू, ‘मरायचं होतं!’”

तेव्हापासून मी फळ्यावर तेच लिहितो. छपराने तिकडे जे केलं, ते इकडे ‘होतं’ने केलं.