जुना ऑइलपेंट कोरडा घासताय? घरात बाळ आहे ना!

नमस्कार मंडळी! दिवाळीचं रंगकाम सुरू झालंय आणि कमेंटमध्ये सगळ्यांचं एकच, ताई ते विषारी शिसं, म्हणजे लेड, बाळाच्या पोटात जातं कुठून? पटकन सांगते. जुना ऑइलपेंट, जुन्या बॅटऱ्या फोडतात तिथली माती, काही सुरमे, रंग चढवलेली भेसळीची हळद. लहान मुलं मोठ्यांपेक्षा चार-पाच पट शिसं शोषून घेतात, लोह-कॅल्शियम कमी असेल तर अजूनच. झालं.

आता माझं डोकं फिरवणारा विषय, घासकाम! परवा पंचवटीत मावशीच्या वाड्यात गेले, तर पेंटर दादा खिडकीच्या चौकटीवरचा पोपडे सुटलेला जुना हिरवा रंग कोरड्या पॉलिश पेपरनं खसाखसा घासतायत आणि खाली नातू रांगतोय, तळवे हिरवट, आणि तीच बोटं तोंडात. मी ओरडलेच. मावशी म्हणते, अगं घेते ना झाडून. अगं झाडल्यावरच तर उडते ती! बारीक धूळ झाडूनं जात नाही, वर उडते आणि परत फरशीवर बसते, जिथे बाळ रांगतं.

म्हणून आधी पाणी मारा, मग घासा. हार्डवेअरला वॉटर पेपर, म्हणजे ओलं घासायचा पॉलिश पेपर मिळतो, स्वस्त असतो. खाली प्लास्टिक, नंतर ओलं फडकं, झाडू नाही. "आम्ही दार लावून घासतो" म्हणणाऱ्यांनो, दाराखालची फट आणि पेंटरचे कपडे, त्यांचं काय? आणि रंग धड असेल, सुटत नसेल, तर खरवडताच कशाला, वरून नवीन हात मारा की.

नवीन डबा घेताना बघा, नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगात 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या वर शिसं चालत नाही. पण वाड्याच्या दारावरचा थर त्याच्या आधीचा आहे ना!

एक कमेंट, "आम्ही पण वाड्यात वाढलो, काय झालं आम्हाला?" दादा, शिसं काही पुरळासारखं अंगावर दिसत नाही, बुद्ध्यांक कमी होतो, लक्ष लागत नाही, तुम्हाला कळणार कसं? त्यात तुमच्या लहानपणी पेट्रोलमध्येही शिसं होतं, 2000 साली बंद झालं ते. 2020 चा युनिसेफचा रिपोर्ट सांगतो, जगात दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात डेसिलिटरला (100 मिलीला) 5 मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं आहे.

शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून रक्ताची लेड टेस्ट करा, नुसतं बघून कळत नाही. पेंटर दादांनो, कामाचे कपडे बदलूनच घरी जा, तुमचीही लेकरं आहेत. कल्हईचं विचारणारे थांबा जरा, त्याचा व्हिडिओ भांडी बाजारात जाऊन करते.