नकारानंतरचे ४० दिवस

(दृश्य: टेबलावर उघडलेलं नगरपरिषदेचं पत्र. जावक क्रमांक, तारीख, खाली सही-शिक्का.)

“आपला बांधकाम प्रस्ताव खालील कारणांस्तव नामंजूर करण्यात येत आहे.”

बहुतेक जण एवढंच वाचतात आणि पत्र मिटतात. प्लॉटमध्ये अडकलेले पैसे, अर्ध्यावर आलेलं कर्जाचं प्रकरण, सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं. मग ओळखीचा नगरसेवक कोण, याची शोधाशोध सुरू होते. पण कामाचा मजकूर त्या वाक्याच्या खाली आहे. तिथे लिहिलेली कारणं एकेक करून वाचायला हवीत.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. याच्या कलम ४५ खाली नगरपरिषदेला किंवा महापालिकेला परवानगी नाकारता येते, पण नकाराची कारणं आदेशात द्यावीच लागतात. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये मोहिंदर सिंग गिल प्रकरणात सांगितलं, की आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच तपासला जाईल. मागाहून प्रतिज्ञापत्रातून नवी कारणं जोडता येणार नाहीत. ते प्रकरण निवडणुकीचं होतं, पण हे तत्त्व प्रशासनाच्या आदेशांना सर्रास लावलं जातं. घर बांधू पाहणाऱ्या साध्या माणसाच्या हातात यापेक्षा मोठा आधार क्वचितच असतो.

(दृश्य: नकाशावर फिरणारं बोट, शेजारी मोजपट्टी.)

समजा, पत्रात लिहिलंय: बाजूचं सामासिक अंतर (हद्दीपासून बांधकामापर्यंत मोकळी सोडायची जागा) कमी, पोहोच रस्ता अपुरा. आता मोजणी नकाशा आणि सादर केलेला नकाशा शेजारी शेजारी ठेवा. अंतर कुठून कुठपर्यंत मोजलं? हद्द मोजणीची धरली की जागेवरच्या जुन्या कुंपणाची? रस्त्याची रुंदी आज दिसते ती घेतली की विकास आराखड्यात दाखवलेली? मुंबई आणि काही क्षेत्रं वगळता राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यातला नेमका कोणता नियम मोडला, हे नकाराच्या पत्रात सापडलं पाहिजे. “नियमात बसत नाही” असा मोघम नकार अपिलात टिकवून धरणं नगरपरिषदेला जड जातं.

पण खरोखरच अंतर कमी असेल, तर अपिलाच्या भानगडीत पडू नये. वास्तुविशारदाकडून नकाशा दुरुस्त करून घ्यावा आणि नव्याने अर्ज करावा. अपील अधिकारीही नियमांना बांधलेलाच असतो. नियम चुकीचा लावला, कागद पाहिलाच नाही, किंवा जागेची माहिती चुकीची धरली, अशा ठिकाणी अपिलाला अर्थ आहे.

जागेवर आरक्षण असेल, म्हणजे विकास आराखड्यात ती सार्वजनिक कामासाठी राखून ठेवली असेल, तर वाट वेगळी. आरक्षणामुळे परवानगी नाकारली गेली, तर कलम ४९ खाली शासनाला खरेदी सूचना देता येते: जमीन घ्या. आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली आणि तरी जमीन घेतली गेली नाही, तर जमीनमालकाला कलम १२७ खाली नोटीस देता येते. त्या नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत, की आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं.

(दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर.)

अपील कलम ४७ खाली, राज्य शासनाकडे किंवा शासनाने नेमलेल्या, उपसचिवापेक्षा कमी दर्जा नसलेल्या अधिकाऱ्याकडे. मुदत ४० दिवसांची, आदेश कळवल्याच्या तारखेपासून. म्हणून पत्राचा लिफाफा फेकू नये, आदेश ऑनलाइन आला असेल तर त्याची तारखेसह प्रत काढून ठेवावी. “साहेबांशी बोलून बघू” म्हणत कार्यालयाच्या चकरा मारण्यात हेच दिवस निघून जातात. तोंडी आश्वासनाने मुदत थांबत नाही. आणि रागाच्या भरात पाया खणायला घेतला, तर तोच माणूस विनापरवाना बांधकामाच्या नोटिशीला उत्तर देत बसतो.

सुनावणीत अपीलकर्ता आणि नगरपरिषद, दोघांनाही म्हणणं मांडण्याची संधी द्यावी लागते. नकाराचं एक कारण, त्याखाली आपलं उत्तर, त्यापुढे कागदाचं पान: असं लेखी म्हणणं हातात असलं, की तक्रारीच्या लांबलचक पाढ्यापेक्षा ते कितीतरी लवकर कळतं. अधिकारी अपील फेटाळू शकतो, परवानगी देऊ शकतो किंवा अटी बदलून देऊ शकतो.

काही अर्जांना उत्तरच येत नाही. ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर कायदा परवानगी मिळाली असं मानतो. मात्र नगरपरिषदेने मधे काही विचारणा केली असेल, तर ६० दिवस आपल्या उत्तरापासून धरायचे. प्रस्तावही काटेकोरपणे नियमात बसणारा हवा. नाहीतर तेच बांधकाम अनधिकृत ठरतं. एवढ्या भरवशावर विटा रचायला घेऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं.

अपील फेटाळलं, तर कलम १४९ मुळे दिवाणी दाव्याची वाट बंद असते. राहते ती उच्च न्यायालयातली, संविधानाच्या अनुच्छेद २२६ खालची रिट याचिका. तिथे नकाशा नव्याने तपासला जात नाही. बाजू ऐकली का, मांडलेल्या मुद्द्यांचा विचार झाला का, नियम बरोबर लावला का, हे पाहिलं जातं. त्यासाठी लेखी म्हणण्याची शिक्का मारलेली पोच, सुनावणीच्या नोटिसा आणि आदेशाची प्रमाणित प्रत एकाच फायलीत, तारीखवार लावून ठेवावी.